खंडेनवमीला बंद पडलेला कॉम्प्युटर

खंडेनवमीच्या सकाळी माझा कॉम्प्युटर धड सुरू व्हायला तयार नव्हता. पंखा गरगरायचा, पडद्यावर चिन्ह उमटायचं, मला जरा हायसं वाटतंय तोवर सगळं काळं. भिंतीवरचा स्विच बंद करून पुन्हा लावला की परत तेच. वर त्याला झेंडूचा हार घातलेला. सासऱ्यांनी पहाटेच उठून घरातल्या सगळ्या हत्यारांची पूजा उरकली होती, त्यात विळी होती, मिक्सर होता, नवऱ्याची गाडी होती आणि हाही होता. हार घालून बसलेला तो डबा बघून माझं डोकं आणखीच फिरत होतं.

कारण माझं ड्रॉइंग त्याच्या पोटात अडकलं होतं. लेक झाली तेव्हा मी चाकणच्या कंपनीतली टूल डिझाइनची नोकरी सोडली. लेक आता सातवीत आहे. इतक्या वर्षांनी परदेशातल्या एका कंपनीने घरून करायच्या कामासाठी माझी परीक्षा घेतली होती. मशीनवर घडवायचा सुटा भाग घट्ट पकडून ठेवणारं एक फिक्श्चर काढून द्यायचं, त्याच संध्याकाळी पाचच्या आत. पोचलं तर नोकरीचं पुढे बोलू, नाही तर राम राम. त्यांना कुठली आलीय खंडेनवमी! ड्रॉइंग तयार होतं, फक्त मापांवरून एकदा नजर फिरवून पाठवायचं राहिलं होतं. दुसरीकडे कुठे कॉपी ठेवली नव्हतीस का, असं मला कृपा करून कुणी विचारू नये. त्या दिवशी सगळ्यांनी विचारून झालंय.

नवऱ्याला फोन लावला. तो चाकणला, कंपनीत. मागे आरती चाललेली.

"रिस्टार्ट करून बघितलंस का?"

"अरे, सकाळपासून दुसरं काय करतेय मी?"

"मग राहू दे ना आज. सणाचा दिवस आहे. उद्या पाठवते म्हणून सांग त्यांना."

मी फोन ठेवून दिला. याच माणसाचा लॅपटॉप अडकला होता तेव्हा घरात मिक्सर लावायची चोरी होती, कारण साहेबांचं काम होतं. माझं मात्र 'राहू दे'.

पिंपळे सौदागरच्या आमच्या सोसायटीत दगड मारला तर आयटीवाल्यालाच लागेल. ग्रुपवर विचारलं. एकाने रॅम काढून खोडरबरने घासायला सांगितलं, दुसऱ्याने सरळ फॉरमॅट मारायला, तिसऱ्याने शुभेच्छांचं चित्र पाठवलं. एकीने आपला लॅपटॉप देऊ केला. बिचारी मनाने चांगली, पण फाइल माझ्या डब्यात, तिचा लॅपटॉप घेऊन मी काय करू? दुरुस्तीवाला फोनवर म्हणाला, "मॅडम, सप्लाय गेला असेल, नाही तर मदरबोर्ड. आज पूजा आहे, दुकान बंद. दसऱ्यानंतर घेऊन या." मदरबोर्ड गेल्याचं त्याने इतक्या थंडपणे सांगितलं की मला त्याच्या दुकानात जाऊन किंचाळावंसं वाटलं.

शेवटी मी हार बाजूला फेकला आणि झाकण उघडलं. धूळ पुसली, लेकीच्या खोडरबरने रॅम घासली, सगळ्या वायरी काढून पुन्हा घट्ट बसवल्या. स्विच लावला. पंखा, चिन्ह, अंधार.

सासरे दिवाणावर बसून हे सगळं बघत होते. आम्ही त्यांना आबा म्हणतो. चाकणजवळच्या गावातले, शेती सांभाळून उभा जन्म कंपनीत लेथ मशीनवर काढलेले. सणाला म्हणून आले होते.

"पोरी, च्या टाकू का?"

"काही नको!" मी खेकसले. त्यांचा काय दोष, पण जवळ तेच होते.

पुन्हा स्विच लावला आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात आलं की मी बटण दाबतच नाहीये. बटणाला हात न लावता हा सुरू होतोच कसा? वाकून पाहिलं. बटण आत रुतून बसलेलं. त्यावर हळद-कुंकवाचा वाळलेला थर आणि कडेच्या फटीत अक्षतांचा एक तांदूळ. सकाळपासून ते बटण दाबलेलंच होतं, म्हणून स्विच लावला की हा सुरू व्हायचा. आणि बटण धरून ठेवलं की हा डबा काही क्षणांत आपला आपण बंद होतो.

"आबा! कुंकू लावायला बटणच सापडलं? एवढं मोठं डबडं होतं ना!"

आबा उठून उभे राहिले. "आमच्या लेथला आमी तितंच लावायचो. काम तितून सुरू व्हतं म्हणून." मग खाली बघत म्हणाले, "कंपनीत ज्याची मशीन त्याचा मान असायचा. हे तुझं हत्यार हाय. म्हणून पयलं हेच पुजलं. पोराची गाडी मागनं."

माझ्या ओठांवर आणखी दोन-चार वाक्यं आली होती, ती मी गिळली. राग गेला नव्हता, पण आता तो त्यांच्यावर काढता येईना.

सुईने तांदूळ उकरला, ओल्या कापसाने कुंकू पुसलं. बटण टक् करून बाहेर आलं. मी ते दाबलं. या वेळी पडदा काळा झाला नाही. मापं तपासायला वेळ पुरला, आणि ड्रॉइंग पाचच्या आत गेलं.

संध्याकाळी नवरा पेढ्यांचा बॉक्स घेऊन आला. बूट काढता काढता म्हणाला, "काय, झाला का कॉम्प्युटर चालू?"

मी तोंड उघडायच्या आत आबा बोलले, "कॉम्प्युटरचं काय इचारतो? तिचं काम येळंत पोचलं का, ते इचार."

नवऱ्याने हातातला बूट खाली ठेवला. मग त्याने विचारलं.

"पोचलं," मी म्हणाले, आणि दिवसभर न आलेलं रडू मला तेव्हा आलं.