टी मॅडम

कुणी दोन गोष्टींची तुलना केली की टी मॅडम मान वर करून विचारायच्या, "किती जणांक इचारलंस?" एरवी त्या प्रमाण मराठीत बोलत, हा प्रश्न मात्र मालवणीतच यायचा. मुलुंडची माणसं घाटकोपरच्यांपेक्षा शांत, असं ऑफिसातले क्लार्क म्हणाले तरी हाच प्रश्न, आणि हल्लीची मुलं वाचत नाहीत असं प्राचार्य म्हणाले तरी हाच. त्यात टोमणा नसे. त्यांना खरोखरच आकडा हवा असायचा.

घाटकोपरच्या आमच्या कॉलेजात त्या एम.ए. मानसशास्त्राच्या वर्गाला संख्याशास्त्र शिकवायच्या. दोन गटांच्या सरासऱ्यांमधला फरक खरा की योगायोगाने आलेला, हे ताडून बघणारी टी-टेस्ट हा त्यांचा जिव्हाळ्याचा विषय, म्हणून हे नाव. नव्या मुलांना ते चहावरून पडलंय असं वाटायचं. चहा त्या क्वचितच घेत. पर्समध्ये कोकम सरबताची बाटली असायची.

आम्ही बहुतेक जण माणसं समजून घ्यायला म्हणून या विषयाला आलो होतो आणि आकड्यांना घाबरून होतो. पहिल्याच तासाला मॅडमनी प्रत्येकाला काल रात्री किती झोपलात ते विचारलं. खिडकीकडच्या बाकांची सरासरी भिंतीकडच्यांपेक्षा जास्त निघाली. आम्ही लगेच कारणं सांगायला लागलो. कुणी उजेड म्हणालं, कुणी स्वभाव. मॅडमनी सगळे आकडे चिठ्ठ्यांवर लिहायला लावले, डब्यात घालून ढवळले आणि न बघता दोन ढीग केले. त्या ढिगांच्या सरासऱ्यांतही जवळपास तेवढाच फरक पडला. "नुसत्या चिठ्ठ्या ढवळून एवढा फरक पडत असेल, तर खिडकीला कशाला श्रेय द्यायचं?" त्या म्हणाल्या. टी-टेस्ट मला त्या दिवशी कळली. सूत्र फार नंतर पाठ झालं.

वर्गाबाहेर त्यांचा जीव एकाच कामात अडकलेला होता. डोंगरावरच्या वस्तीतल्या एका शाळेत त्या दहावीच्या मुलांसाठी दर आठवड्याला एक तास घेत. परीक्षेची भीती कमी व्हावी म्हणून डोळे मिटून श्वासाचा व्यायाम, मग गप्पा. कल्पना त्यांची, आखणीही त्यांचीच. एक संस्था खर्च करायची आणि दोन समुपदेशक पुरवायची. हा तास आणखी शाळांत न्यायचा तर त्याचा उपयोग होतो हे दाखवा, असं संस्थेने सांगितलं तेव्हा मॅडमना आनंदच झाला. चिठ्ठ्या टाकून मुलांचे दोन गट केले. एकाला तास लगेच, दुसऱ्याला सहामाही परीक्षेनंतर. सहामाहीच्या तोंडावर दोन्ही गटांची भीती प्रश्नावलीने मोजली. गुण मांडायचं काम माझ्याकडे आणि माझी मैत्रीण सुजाता हिच्याकडे होतं.

तास केलेल्या गटाची सरासरी भीती थोडी कमी होती. पण प्रत्येक गटाच्या आत मुलामुलांत इतकी तफावत होती, की तेवढा फरक योगायोगानेही सहज पडू शकला असता. सुजाताने तक्त्यातल्या रांगा खालीवर करून पाहिल्या. काही मुलं मध्येच यायची बंद झाली होती. ती वगळली तर फरक चांगला ठसठशीत दिसत होता.

"मॅडम, तसंही त्यांनी तास केलाच नाहीये ना," सुजाता म्हणाली. "त्यांना काढलं तर रिझल्ट झकास येतोय."

मॅडमनी गळलेल्या मुलांच्या रांगांवर बोट ठेवलं. "सगळ्यात घाबरलेली मुलंच गळली असतील तर? त्यांना काढून उरलेल्यांना मी बरं केलं असं सांगू?"

संस्थेच्या बैठकीला आम्ही दोघी बरोबर होतो. तिथले प्रमुख सज्जन गृहस्थ होते. सरासरी कमी झालीय ना, मग अहवालात तेवढंच लिहा, असं त्यांनी सुचवलं. मॅडम म्हणाल्या, "लिहिते. पण त्यातून उपयोग झाला असं म्हणता येत नाही, हेही लिहिणार." पुढच्या महिन्यात संस्थेने तास थांबवला. काही दिवस मॅडम स्टाफरूममध्ये खुर्ची भिंतीकडे फिरवून बसत. सुजाताने त्यांच्यापुढे चहा आणून ठेवला, तर तो त्यांनी मुकाट्याने पिऊन टाकला.

मग एका शनिवारी त्या मला घेऊन डोंगरावर गेल्या. यायची बंद झालेली मुलं त्यांना गाठायची होती. कुणाला पाणी भरायचं होतं, कुणाला धाकट्या भावाला शाळेतून आणायचं होतं. एक मुलगी दारातच उभी राहिली, आत या म्हणेना. मॅडम पायरीवर बसल्या. तास कंटाळवाणा होता का, असं त्यांनी विचारलं. मुलीने नाही अशी मान हलवली. तिची आई आत भांडी घासत होती, तो आवाज चालू आहे याची खात्री करून ती हळूच म्हणाली, "तुम्ही डोळे मिटायला सांगता ना मॅडम. मिटले की बाबांनी मारलेलं दिसतं."

उतरताना मॅडम कठड्याला धरून चालल्या. पुढच्या आठवड्यात त्या पुन्हा तिथे गेल्या, या वेळी समुपदेशक बाईंना घेऊन. नंतर त्या मुलीला आणि तिच्या आईला मुलुंडला मावशीकडे हलवेपर्यंत त्यांच्या फेऱ्या चालू होत्या. मुलगी दहावी झाली. मार्क बेताचे पडले.

निवृत्तीनंतर मॅडम आपल्या गावी कुडाळला जायला निघाल्या. सामान बांधायला मी त्यांच्या मुलुंडच्या घरी गेले होते. तास बंद पडला याचं वाईट वाटतं का, हे तेव्हा मी विचारून घेतलं.

"वाटतं. अजून वाटतं," त्या म्हणाल्या. "पण आकडे माझ्या मनासारखे आले असते, तर मी त्या पोरीच्या दारात कशाला गेले असते?"

आणि पुस्तकांच्या खोक्यावर मला बोट दाबून धरायला सांगून त्या सुतळीची गाठ मारू लागल्या.