परवानगी यायच्या आधी

आमचे हे गवंडी. बाहेर सगळे त्यांना मिस्त्री म्हणतात. मी चिडले की मीही मिस्त्रीच म्हणते, आणि गेल्या वर्षभरात दुसरं काही म्हटल्याचं मला आठवत नाही.

या देशात आम्ही परके. परके म्हणजे राहा, राबा, कर भरा, पण घर घ्यायचं म्हटलं की आधी सरकारला विचारा. परक्या नागरिकाला इथे एकच घर घेता येतं, तेही स्वतः राहण्यासाठी आणि ठरवून दिलेल्या मापाच्या आत. माप पाटाएवढंही जास्त भरलं तर परवानगी नाही. ह्यांनी अर्धं आयुष्य इथल्या लोकांची घरं बांधण्यात घालवलं. तेव्हा कुणी विचारलं नाही, बाबा तू कुठला. विटा उचलायला नागरिकत्व लागत नसावं.

आम्ही भाड्याने राहत होतो तोच फ्लॅट मालकांनी विकायला काढला. म्हातारे गृहस्थ, मुलाकडे राहायला निघाले होते. "घर नीट ठेवलंत, म्हणून पहिलं तुम्हाला विचारतो," म्हणाले. भला माणूस. पण उन्हाळा संपेपर्यंतच थांबणार होते, आणि वरच्या मजल्यावरचा दातांचा डॉक्टर, इथलाच नागरिक, टपून बसलेला. त्याला कसली परवानगी नि कसलं काय.

मला घर हवं होतं ते सासूबाईंसाठी. त्या हॉलमधल्या दिवाणावर झोपायच्या. आमचा टीव्ही बंद होईपर्यंत पेंगत बसायच्या, विचारलं तर म्हणायच्या, "मी बघतेय ना." इथल्या भाषेतलं अक्षर कळत नाही, बघायच्या काय कर्माचं? कपडे बदलायचे तर बाथरूममध्ये जायच्या, कुणी आलं की उठून स्वयंपाकघरात. इतक्या वर्षांत त्या बाईने स्वतःच्या मागे दार म्हणून लावलेलं नव्हतं. आमचं फार गूळपीठ आहे असं समजू नका. माझ्या चहाला त्या आजही गरम पाणी म्हणतात. पण माणसाला आपला म्हणून एक कोपरा लागतो की नाही?

फ्लॅटला लागून एक अडगळीची खोली होती. तिचं दार जिन्यात, आणि आमच्या हॉलच्या नि तिच्यामध्ये विटांची भिंत, म्हणून ती घराच्या मापात धरत नव्हते. मालक तीही फ्लॅटबरोबर देणार होते. आम्ही गाठलेल्या वकीलबाई म्हणाल्या, घर एकदा नावावर झालं की साधा अर्ज करून मधे दार काढता येईल, आईंची खोली होईल. "पण सरकारी मोजणी होऊन परवानगी येईपर्यंत घरात खिळासुद्धा ठोकू नका," असंही बजावलं. ह्यांनी नंदीबैलासारखी मान हलवली.

एक दिवस मी कामावरून आले तर घरभर लाल धूळ, भिंत गायब, आणि हे हातोडा घेऊन हसताहेत.

"खिळासुद्धा ठोकू नका म्हणाल्या होत्या ना?" मी म्हटलं.

"मग मी कुठे ठोकलाय?"

वर मलाच समजावायला लागले. मोजायला माणूस येणार, त्याला घर नेटकं दिसलं पाहिजे, चांगलं काम बघून तो लगेच सही करेल. ह्यांच्या जगात घरात येणारा प्रत्येक माणूस काम बघायलाच येतो. कपाळ माझं. मालकांनाही ह्यांनी विचारलं होतं, आणि त्या भोळ्या जिवाने हो म्हटलं होतं.

पुढे मधे दार बसलं, गिलावा झाला, रंग झाला, पलंग आला. सासूबाई त्यांचं गाठोडं घेऊन आत गेल्या. पहिल्याच दुपारी दार लावून घेतलं ते चहाची वेळ टळली तरी बाहेर येईनात. मी दार ठोठावलं तर आतून म्हणाल्या, "काही नाही गं. बसलेय नुसती."

मोजणीला आली ती एक तरुण मुलगी. हातात लाल उजेड सोडणारं यंत्र. हे तिच्या मागे मागे, "हात फिरवून बघा, कुठे चढउतार लागतो का." तिने खरंच हात फिरवला. काम सुरेख आहे म्हणाली, आणि मग म्हणाली की खोली घरात आली म्हणजे मापात आली, आता घर तुम्हाला घेता येणार नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. हे तिथेच पालथ्या बादलीवर बसले.

सासूबाईंनी स्वतःच उशी उचलली. "बांध परत," म्हणाल्या आणि दिवाणावर जाऊन बसल्या.

ह्यांनी भिंत बांधली. ओळंबा लावून, एकेक वीट पारखून. मी म्हटलं, "मिस्त्री, ही तरी जरा वाकडी बांधा, निदान मनाचं समाधान." तर म्हणे, वाकडी येत नाही. बांधता बांधता बाहीने डोळे पुसत होते. मला दिसलं, पण मी पाणी देऊन निघून गेले. तेव्हा बोलले असते तर भांडलेच असते.

मुलगी पुन्हा आली, मोजून गेली. परवानगी आली, मालक जायच्या जेमतेम आधी. पण परवानगीच्या कागदात एक जादा ओळ होती. घर परक्या नागरिकाच्या नावावर आहे तोवर ही भिंत तशीच राहील, आणि पलीकडे कुणी राहायचं नाही. ह्यांनी धीर धरला असता तर कुणी त्या भिंतीकडे ढुंकून पाहिलं नसतं. आधी कळस मग पाया, आणि तेसुद्धा कुणी, तर गवंड्याने.

घर नावावर झालं त्या संध्याकाळी लोक अभिनंदन करून गेले आणि सासूबाई दिवाणावरची चादर सारखी करायला लागल्या. माझं डोकंच फिरलं. मी आमच्या खोलीतून आमची चादर, उश्या, कपडे सगळं ओढत हॉलमध्ये आणलं.

"आई, आजपासून आत तुम्ही."

"वेडी की काय? ती तुमची खोली."

"मला वाद नकोय. आज माझ्याशी कुणी वाद घालू नका."

सासूबाई गाठोडं उचलून आत गेल्या आणि दार लावून घेतलं.

थोड्या वेळाने हे टॉवेल शोधत सवयीने दार ढकलून आत शिरले. मी मागेच होते. सासूबाई खिडकीशी केस मोकळे सोडून बसल्या होत्या. त्यांना तशा मी कधी पाहिल्या नव्हत्या. मान वळवून म्हणाल्या, "दार वाजवून यायचं. खोली माझी आहे."

हे बाहेर आले. दार ओढून घेतलं, हलकेच वाजवलं, आणि लोकांच्या घरी कामाला गेल्यावर उंबऱ्याबाहेरून विचारतात तसं विचारलं, "आई, आत येऊ का?"

"थांब," आतून आवाज आला. "केस बांधते."