सिंधूची स्पॅनिश संक्रांत

निफाडची सिंधू बोरस्ते नाशिकला मिशनच्या दवाखान्यात नर्स होती, बाळंतिणींच्या वॉर्डात. दवाखाना स्पेनहून आलेल्या नन चालवत. १९७८ च्या पावसाळ्यात त्यांनी ठरवलं की एका नर्सला वरच्या शिक्षणासाठी वर्षभर स्पेनला पाठवायचं. अट एकच. संक्रांतीला मोठ्या मदर येतील, त्यांच्याशी स्पॅनिशमध्ये बोलता आलं पाहिजे. सिंधूने हात वर केला तेव्हा बाकीच्या हसल्या. तिकडे घरी आबांनी स्थळ हेरून ठेवलं होतं. स्पेन हुकलं की वैशाखात अक्षता, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. त्या विचारानेच तिची झोप उडायची.

शिकवायला होती सिस्टर पिलार, मोठी खमकी बाई. तिने व्याकरणाचं पुस्तक मिटलं आणि नाताळच्या आणि नव्या वर्षाच्या शुभेच्छा घोकून घ्यायला सुरुवात केली. लाडका मुलगा केरिदो, लाडकी मुलगी केरिदा, पुष्कळ मुलगे असले की केरिदोस. माणूस बदलला की विशेषणाचं शेपूट बदलतं, यात मराठी पोरीला काय नवल? घोडं अडलं ते मान देताना. मोठ्या माणसाशी एकेरीत बोलायचं म्हटलं की सिंधूची जीभच वळेना. एकट्या फादरांनाही ती "केरिदोस" म्हणायची आणि पिलार कपाळावर हात मारून घ्यायची.

संक्रांतीच्या सकाळी मदर इनेससमोर तेच झालं. सिंधूने अदबीने अनेकवचनात शुभेच्छा दिल्या. आपल्याबरोबर आणखी कोण आलंय म्हणून मदरने मागे वळून पाहिलं. पुढच्या एकाही प्रश्नाला सिंधूला उत्तर देता आलं नाही. संपलं सगळं, असं मनाशी म्हणत ती रडवेली होऊन वॉर्डात परतली.

पण सण होता आणि तिळगुळाचा डबा तिने आणून ठेवला होता. रडत बसलं तर वाटणार कोण? आज स्पॅनिशच बोलायचं ही पिलारची तंबी. मग सिंधू रागारागाने खाटेखाटेपाशी तिळगूळ देत तीच शुभेच्छा देत सुटली. मुलगा तिथे केरिदो, जुळ्या मुली तिथे केरिदास. जीभ कधी मोकळी झाली ते तिला कळलं नाही, आणि मदर दारात येऊन उभी राहिलेलीही दिसली नाही.

कोपऱ्यात धोंडाबाई होती. तिसरीही मुलगीच म्हणून सासरचं कुणी फिरकलं नव्हतं. सिंधूने बाळाच्या गालाला बोट लावलं. "फेलिस आन्यो, केरिदा नीन्या."

"काय म्हनल्या हिला, नर्सबाई?"

"लाडके, वर्ष सुखाचं जावो, असं म्हटलं."

धोंडाबाईने पदर डोळ्यांना लावला. "जल्मल्यापासनं हिला कुनी लाडकी म्हनलं नाय."

ही बाई का रडते, असं मागून मदरने स्पॅनिशमध्ये विचारलं. सिंधू तशीच वळली आणि बोलत सुटली. सासर, तीन मुली, वाट बघणारी ही बाई, सगळं. संतापाच्या भरात ती घाबरायचंच विसरली. दोनदा चुकली, पण थांबली नाही.

मदरने शेवटपर्यंत ऐकलं. मग बाळ उचलून घेतलं आणि मागोमाग आलेल्या पिलारला म्हणाली, मार्चमध्ये हिलाच पाठवा.

सिंधूला हसू आवरेना. तिने वॉर्डभर फिरून प्रत्येकीला सांगितलं, कुणी विचारो न विचारो. आबांना काय सांगायचं तेही तिने तिथेच ठरवून टाकलं.

धोंडाबाईने लेकीला परत कुशीत घेतलं. "जा बाई, शिकून या," ती म्हणाली. "आन् आल्यावर ह्या लाडकीलाबी शिकवा."