रुखवतातले ग्लास

“मास्तर, तुम्हीच समजवा यांना. हे काम असं होत नाही,” असे म्हणून शेडचे मालक अण्णा आत निघून गेले आणि मी त्या दोघींसमोर उभा राहिलो.

पालीहून आलेल्या सुलोचनाबाई आणि त्यांची मुलगी कुसुम. पिशवीत साधे काचेचे ग्लास होते. कुसुमचे लग्न तोंडावर आले होते. ग्लासांवर नक्षी काढून द्यायला अण्णा तयार होते. पण रुखवतात मांडायची वस्तू मुलीच्या हातची हवी, म्हणून मशिन कुसुमलाच चालवायचे होते.

“दुसऱ्यानं केलेलं मी केलं म्हनून सांगायला मला जमायचं नाय,” कुसुम जमिनीकडे पाहत म्हणाली.

वर्गात आवाज चढवणे जमेना म्हणून मी विज्ञानशिक्षकाची नोकरी सोडली होती आणि चाळिशी उलटल्यावर रत्नागिरीतील या सँडब्लास्टिंगच्या शेडमध्ये उमेदवारी करत होतो. नाही म्हणणेही मला जमत नसे.

सँडब्लास्टिंग म्हणजे कॉम्प्रेसरच्या दाबाने काचेवर बारीक वाळू मारणे. वाळू लागते तेथे काच खरवडून दुधी होते. जी जागा स्वच्छ राहायला हवी ती झाकतात. त्या झाकणाला मास्क म्हणतात. आम्ही चिकट कागदात नक्षी कापून तो ग्लासावर डकवत असू. एका ग्लासानंतर तो फाटे आणि पुन्हा नवा कापावा लागे. त्यासाठी कुसुमचा हात बसायला वेळ नव्हता. शिवाय तो कागद मुंबईहून एसटीच्या पार्सलने येई आणि शेडमध्ये तुकडेच उरले होते.

एकदा कापून पुन्हा पुन्हा वापरता येईल असा मास्क हवा होता. पत्रा गोल ग्लासावर नीट बसेना. कडेने वाळू आत शिरे. तेव्हा मशिनच्या रबरी नळीकडे लक्ष गेले. रोज तिच्यातून वाळू जाते, तरी ती टिकते. कडक काच खरवडली जाते; मऊ रबरावरून वाळू उसळून परत जाते. स्कूटरच्या जुन्या ट्यूबचा तुकडा ग्लासावर मोज्यासारखा चढवून पाहिला. घट्ट बसला.

कुसुमने बकुळीची वेल काढून दिली. ती मी टेबलावर ट्यूबमध्ये कापली. ग्लासावर चढवताच पाने फुगली.

“मास्तर, ही बकुळ की अळू?” कुसुम प्रथमच हसली.

रबर ताणले की नक्षीही ताणते, हे उघड होते. मग सुताराकडून ग्लासाच्या मापाचा लाकडी ठोकळा करून घेतला, नवा तुकडा त्यावर चढवला आणि ताणलेल्या स्थितीतच नक्षी कापायची ठरवले. ठोकळा मी धरला. ब्लेड कुसुमने चालवले.

मशिनच्या बंद पेटीत हातमोज्यांतून हात घालून तिने पहिला ग्लास फिरवला. ट्यूब उतरवली तेव्हा काचेवर दुधी वेल उमटली होती. सुलोचनाबाईंनी तिच्यावरून बोट फिरवले आणि पदराने उगाचच ग्लास पुसला.

“होतंय की,” आतून आलेले अण्णा म्हणाले. “मग मास्तर, एवढा वेळ काय करत होता?”

लग्नाला मला आग्रहाने बोलावले होते. रुखवतापाशी नवऱ्या मुलाच्या आत्याने दोन ग्लास शेजारी धरून पाहिले.

“सगळे एकसारखे! दुकानातले दिसतायत. रुखवत विकत आणलंत होय?”

सुलोचनाबाईंचा चेहरा उतरला. त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी खाली वाकून ग्लास ओळीत लावू लागलो.

मुंडावळ्या बांधलेली कुसुम उठून उभी राहिली. “आत्याबाई, मी केलेत. ट्यूब चढवून, वाळूनं.”

“कसली ट्यूब?”

“स्कूटरची.”

बायका हसू लागल्या. कुसुमने ट्रंकेतून तो तुकडा आणवला, एका ग्लासावर चढवला आणि फिरवत फिरवत वेलीशी जुळवला. पान पानाला मिळाले. आत्याबाईंनी ओढून पाहिले, ट्यूब निघेना.

“आधी भिजवा, मग ओढा,” कुसुम हळूच म्हणाली.

आत्याबाईंनी तिला जवळ बसवून घेतले. “आमच्या ग्लासांवर काढशील?”

“काढीन की. पन त्याला मास्तरांची शेड लागंल.”

लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी आली तेव्हा ती आत्याबाईंना आणि त्यांच्या ग्लासांना घेऊन शेडमध्ये हजर झाली. अण्णांनी कॉम्प्रेसर सुरू केला.

रबराचा मास्क नेहमी ताणूनच कापावा, हे त्या कामात शिकलो. आणि काम फार एकसारखे उतरू लागले, की ते कोणी केले हे सांगायला कोणाला तरी उभे राहावे लागते. ते मला आजही जमत नाही; त्या दिवशी सुदैवाने त्याची गरज पडली नाही.