महानंदाताईंचा उजवा जबडा

आमच्या शेजारच्या महानंदाताई कडक भाकऱ्या करून विकतात. भाकरी महिनाभर टिकेल की नाही, हे त्या प्रत्येक खेपेतली एक भाकरी उजव्या दाढेखाली धरून ठरवतात. ‘कट्ट’ वाजली की खेप आचेवरून उतरली.

त्याच दाढेच्या वर, कानापाशी दुखायला लागलं. दातांचे डॉक्टर म्हणाले, जबड्याच्या सांध्याचा त्रास आहे, पुष्कळांना असतो, कडक टाळा. म्हणजे शिंप्याला सुई टाळा म्हणण्यासारखंच. ताईंनी कडक खाणं सोडलं. चावून बघणं सोडलं नाही.

मग दोन वर्षं शेक, गोळ्या, रात्री दातांवर चढवायचं प्लास्टिकचं कवच. डॉक्टर बदलला, सल्ला तोच. तोंड तीन बोटं उघडायचं, ते दोनवर आलं, मग एकावर. घास बारीक होत गेला, ताई दमत गेल्या. सासूबाई मल्लव्वा म्हणायच्या, “आता तरी कमी बोलशील की.” ताई हसायच्या. तेवढंही दुखायचं.

त्यात वळसंगचे वीरभद्रप्पा, जुनं गिऱ्हाईक, तक्रार घेऊन आले. “ताई, भाकरी लई मऊ निघतीया.”

“मी सोता चावून बघती की. हल्ली तर लवकरच वाजती.”

“मग आमच्या घरी येऊन का गप बसती?”

पुढे एक बोटही तोंडात जाईना. ताईंनी तवा पालथा घातला. “पारख करता येत न्हाय, तर इकायची कशाला?”

तिसऱ्या डॉक्टरीणबाईंनी कानापुढची सूज चाचपली. नेहमीच्या दुखण्यात अशी सूज नसते, म्हणाल्या, आणि एमआरआय करायला लावला. सांध्यात कूर्चेचे खडे झाले होते, ज्वारीच्या दाण्याएवढे. क्वचितच कुणाला होणारा आजार. ऑपरेशननंतर बाटलीतले खडे बघून मल्लव्वा म्हणाल्या, “पीठ चाळून घे म्हणलं हुतं.”

तीन महिने पेज आणि तोंडाचे व्यायाम झाले. परवानगी मिळाल्यावर ताईंनी नेहमीच्या अंदाजाने एक खेप भाजली, वाळवली. मी चहाला गेलो होतो. त्यांनी भाकरी दाढेखाली धरली. दुखलं नाही. वाजलंही नाही. दुसरी चावली. तीही गप्प.

ताईंनी कानापुढे बोट ठेवून तिसरी चावली.

“भाऊ, वीरभद्रप्पांना फोन लावता का?” त्या म्हणाल्या. “दोन वर्सं भाकरी न्हाय, माझा जबडाच वाजत हुता.”

आणि सगळी खेप उचलून त्यांनी पुन्हा मंद आचेवर ठेवली.