उतरायच्या पायऱ्या

उजव्या हाताची दोन बोटं काका हवेत खाली उतरवायचे. आधी एक बोट, मग दुसरं, मग पुन्हा पहिलं. म्हातारा माणूस जिना उतरतो तशी. "चढताना एखादी उडी चालेल," ते म्हणायचे, "पण उतरावे ते पायरी-पायरीनेच. टेकडीवरून धावत उतरलेल्याचे गुडघे पाहिले आहेत का आपण?" देवासला टेकडी म्हणजे देवीची टेकडी, आणि ती धावत उतरून आपटलेला एक तरी वीर प्रत्येक घरात असतोच. त्यामुळे ऐकणारा हसायचा आणि गोष्ट डोक्यात बसायची. माझ्याही बसली होती. 'मला कुणी सांगितलंच नाही' असं मी पुढे म्हणालो, ते खोटं होतं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे माझ्याविषयी तुमचा उगाच चांगला ग्रह व्हायला नको.

ते कंपाउंडर होते. देवासला कारखाने आले, त्यांच्या मागोमाग आम्ही सांगली-साताऱ्याकडची नोकरदार मंडळी आलो. कॉलनीच्या तोंडाशीच एका डॉक्टरांचा दवाखाना होता, तिथे हे गृहस्थ औषधं द्यायचे. मूळचे धारचे. आजोबा संस्थानच्या कचेरीत होते म्हणे. संस्थान गेलं, कचेरी गेली, पण घरातलं जुनं मराठी काही गेलं नव्हतं. "मातुश्रींची प्रकृती कशी आहे?" असं त्यांनी विचारलं की आम्ही ओठ चावून हसू दाबायचो. तोंडावर 'काका' म्हणायचो आणि माघारी 'बखर'. हीच बखर पुढच्या क्षणी खिडकीतून एखाद्या शेतकऱ्याला माळवीत दटावायची, "भिया, पहले रोटी, फेर गोली. खाली पेट ली तो म्हारे पास मत आजो!"

दवाखान्यात एक बारीक पांढरी गोळी होती. सांधे सुजलेल्यांना, दमेकऱ्यांना डॉक्टर ती लिहून द्यायचे. स्टिरॉइड हा शब्द तेव्हा आमच्यापर्यंत पोचला नव्हता. अंथरुणाला खिळलेला माणूस चौथ्या दिवशी चालत दवाखान्यात यायचा, म्हणून सगळे तिला 'जादूची गोळी' म्हणायचे. काकांना ते नाव अजिबात खपायचं नाही. "जादू नव्हे. शरीर स्वतः रोज थोडे असेच औषध करते. बाहेरून आयते मिळू लागले की ते आळसावते. मग एकदम बंद केलेत तर बाहेरचेही नाही आणि घरचेही नाही. माणूस उभ्या उभ्या कोसळेल."

आमच्या शेजाऱ्याचे गुडघे दुखायचे. त्याने एकदा दुसऱ्या पेशंटच्या बाटलीतल्या दोन गोळ्या मागितल्या. काका म्हणाले, "दुसऱ्याचा जोडा घालून टेकडी चढाल का?" शेजारी चार दिवस रुसला. एक मजूर उपाशीपोटी आला, तर टेबलाच्या खणातून परमल काढून, म्हणजे आपले मुरमुरे, त्याला मूठभर खायला लावले आणि मगच गोळी हातावर ठेवली. मीठ कमी, पापड-लोणचं बंद, शेव बंद. देवासच्या माणसाला शेव बंद म्हणजे जन्मठेपच, पण काका दयामाया दाखवत नसत. ताप आला, दात काढायचा झाला, दुसऱ्या डॉक्टरकडे गेलात, तर आधी गोळीचं सांगायचं. हे सगळं ते प्रत्येकाला म्हणून दाखवायचे आणि वर एक कार्ड द्यायचे.

ते कार्ड पाहण्यासारखं असायचं. लग्न होऊन गेलेल्या घरांतल्या उरलेल्या पत्रिका ते मागून आणायचे आणि त्यांच्या कोऱ्या बाजूवर निळ्या पेन्सिलीने जिना काढायचे. डॉक्टरांनी ठरवून दिल्याप्रमाणे एकेका पायरीवर तारखा आणि तितक्या दिवसांच्या गोळ्या. खाली लाल अक्षरात, 'स्वतःच्या मनाने बंद करू नये.' उलट बाजूला गणपती आणि कुणातरी चिरंजीवांचा शुभविवाह.

माझी धाकटी बहीण सुमन बावीस वर्षांची होती, तेव्हा तिची बोटं आणि मनगटं सुजली. स्वतःची वेणी घालता येईना. आई तिची वेणी घालायची आणि तिच्या पाठीमागे बसून डोळे पुसायची. गोळी सुरू झाली आणि महिन्याभरात सुमनने पोळ्या लाटल्या. काकांनी तिला कार्ड दिलं, मला आणि आईला समोर बसवून वाचून दाखवलं, दोन बोटं हवेत उतरवली. सुमन रोज नाश्ता करून, गोळी घेऊन त्या दिवसावर फुली मारायची. पाच महिने सगळं नीट चाललं. फक्त तिचा चेहरा गोल, फुगल्यासारखा झाला. काका म्हणाले होते, "गोळ्या कमी होतील तसा उतरेल. मुलीला चेहऱ्यावरून बोलू नये."

आणि इंदूरचं स्थळ आलं. मुलगा बँकेत, माणसं सुसंस्कृत, पाहायला येणार आठ दिवसांनी. आई सुमनच्या चेहऱ्याकडे पाहत राहिली. "असं तोंड घेऊन कशी बसणार ही त्यांच्यापुढे?" आजार असल्याचं बाहेर कळू द्यायचं नव्हतंच. आईने गोळ्यांची बाटली उचलून पिठाच्या डब्यात दडवली. सुमन म्हणाली, "दादा, काकांनी सांगितलंय बंद करायच्या नाहीत म्हणून." घरात कमावता मी, शिकलेला मी. मी म्हणालो, "आठ दिवसांनी काय होतंय!"

हे चार शब्द मी त्यानंतर किती वेळा स्वतःशी म्हटलेत ते मलाच माहीत.

काय व्हायचं ते आठ दिवस होतच होतं. तिला उठवेना, जेवण जाईना, उभी राहिली की भोवळ. आई म्हणाली, मुलीला धसका बसलाय. चेहरा मात्र तसाच राहिला. आठव्या दिवशी सकाळी पाहुणे आले. सुमन पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आली, मुलाच्या वडिलांपुढे वाकली आणि ट्रेसकट खाली पडली. हातपाय गार, अंगाला घाम. पाहुण्यांच्याच मोटारीतून तिला इस्पितळात नेलं, कारण आमचे डॉक्टर त्या दिवशी परगावी होते.

तिथल्या डॉक्टरने विचारलं, "कोई दवाई चल रही थी?"

माझ्या मागे मुलाचे वडील उभे होते. आईने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "नहीं."

माझी बहीण समोर पांढरीफटक पडली होती आणि मी नाही म्हणालो.

कॉलनीतून कुणीतरी दवाखान्यात जाऊन सांगितलं असावं. पंधरा मिनिटांत काका सायकल मारत आले. पँटला क्लिपा तशाच. त्यांनी सुमनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग मागच्या अनोळखी, इस्त्रीच्या कपड्यांतल्या माणसांकडे पाहिलं. एक शब्द मोठ्याने बोलले नाहीत. डॉक्टरच्या कानाशी जाऊन काहीतरी कुजबुजले. डॉक्टर ताडकन उठला, इंजेक्शन दिलं, सलाइन लावलं. दुपारपर्यंत सुमनने डोळे उघडून पाणी मागितलं. पाहुण्यांना आम्ही सांगितलं, उपवास होता, ऊन लागलं. काकाही तिथेच होते. त्यांनी होकारार्थी मान हलवली.

इथे गोष्ट संपली असती तर मी ती हसत सांगितली असती.

दोन दिवसांनी आमचे डॉक्टर परत आले आणि त्यांनी मला बोलावलं. दवाखाना भरलेला, बाकावर कॉलनीतल्या चार बायका. डॉक्टर रागाने लाल. "गोळ्या कोणाला विचारून बंद केल्या? मुलगी गेली असती!" खरं सांगितलं असतं तर का बंद केल्या तेही सांगावं लागलं असतं. पण तेवढंच कारण नव्हतं. चारचौघांत मूर्ख ठरायची मला भीती वाटली. मी म्हणालो, "एकदम बंद करू नये, असं आम्हाला कुणी सांगितलंच नाही."

"कार्ड दिलं नव्हतं?"

"नाही."

कार्ड मी त्याच दिवशी सकाळी पाणी तापवायच्या बंबात घातलं होतं. गणपतीसकट.

काका कपाटापाशी उभे होते, हातात बाटली. डॉक्टरांनी विचारलं, "खरं आहे हे?" त्यांनी एकदा बाकावरच्या बायकांकडे पाहिलं. मग म्हणाले, "माझ्याकडून सांगायचे राहिले असेल, साहेब."

डॉक्टर वाईट नव्हते, पण अशी चूक ते पोटात घालणारे नव्हते. त्यांनी माझ्याकडून तसं लिहून मागितलं. मी लिहून दिलं. खाली पूर्ण नावाने सही केली, सुवाच्य.

बाहेर काका सायकलचं कुलूप काढत होते. मला वाटलं, आता ते मला झाडतील. झाडलं असतं तर बरं झालं असतं. ते हळूच म्हणाले, "ताईंचे जुळले का?"

"कळवतो म्हणालेत."

"त्यांना काही समजले नाही ना?"

मी नकारार्थी मान हलवली. "बरे झाले," ते म्हणाले. "गोळ्या सुरू केल्यात ना पुन्हा? आता उतरताना घाई नको." आणि सायकलवर बसून गेले. त्याच महिन्यात नोकरी जाऊन ते धारला परतल्याचं कळलं.

इंदूरहून काही निरोप आला नाही. सुमन मात्र पुढच्या वर्षभरात, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, पायरी-पायरीने गोळ्यांमधून बाहेर आली. चेहराही उतरला, काका म्हणाले होते तसाच. पुढे तिला खातेगावला शाळेत नोकरी लागली. दर भाऊबीजेला ती मला ओवाळायची, आणि ताम्हन खाली ठेवता ठेवता एकच विचारायची, "गेलास का रे धारला?" देवासहून धार म्हणजे बसने एका सकाळचा प्रवास. मी आठ वर्षं म्हणत होतो, या दिवाळीनंतर नक्की.

शेवटी गेलो. काका धारला ज्या दवाखान्यात होते, त्याचा पत्ता सुमननेच शोधून दिला होता. वाटेत बसमध्ये वाक्य जुळवत बसलो होतो. 'काका, मी तुमचा गुन्हेगार आहे.' नाटकी वाटलं, बदललं, पुन्हा तेच धरलं. खिडकीत एक तरुण कंपाउंडर होता. मी काकांचं नाव घेतलं. तो म्हणाला, "बाबूजी? वो तो चार महीने हुए, गुज़र गए. आप?"

मी म्हणालो, "ओळखीचा."

मी तिथेच उभा राहिलो. तेवढ्यात त्याने शेजारच्या म्हातारीसमोर एक कार्ड ठेवलं. लग्नपत्रिकेची पाठ, निळ्या पेन्सिलीचा जिना, लाल अक्षरं, आता हिंदीत. त्याखाली एक ओळ होती, जी आमच्या कार्डावर नव्हती. 'यह पर्चा घर के आदमी को पढ़कर सुनाया.' आणि पुढे सहीसाठी मोकळी जागा.

"ये बाबूजी का नियम है," तो म्हणाला. "देवास में कभी कुछ हुआ था, तब से. क्या हुआ था, ये उन्होंने कभी बताया नहीं." मग म्हातारीकडे वळून, "माजी, घर से कोण आयो?"

म्हातारी जवळच्या तिरला गावची. एकटीच आली होती. तिला वाचता येत नव्हतं. त्याने माझ्याकडे पाहिलं. "भिया, आप पढ़ दोगे? दस्तखत भी आप ही कर दो. किसी का तो चाहिए."

मी वाचलं. पहले रोटी, फिर गोली. नमक कम. बुखार आए तो बताना. अपने मन से बंद नहीं करना. कुठलाही शब्द गाळला नाही. जिन्याशी आलो तेव्हा माझी दोन बोटं आपोआप हवेत खाली उतरली. म्हातारी ओळखीचं हसली आणि म्हणाली, "वी बाबूजी बी असोज करता था."

मी सही केली. पूर्ण नाव, सुवाच्य.

तिने कार्ड उलटून गणपतीला कपाळ टेकवलं आणि ते पदरात बांधलं. दवाखान्याला बाहेर चार पायऱ्या होत्या. भिंतीला हात धरून ती एकेक करत उतरली. मी वरच उभा होतो.