हलकी झालेली बादली

आमच्या गल्लीत कचऱ्याची गाडी सकाळी सातला येते. ओला वेगळा, सुका वेगळा, हे मैसूरच्या माणसाला आता सांगावं लागत नाही. त्या दिवशी ओल्याची बादली घेऊन मीच बाहेर गेलो आणि तिची कडी तुटली. गाडीवरच्या बाईंच्या पायाशी सगळं सांडलं: दोन दिवसांचा भात, काळी पडलेली कोथिंबीर, न सोललेली अवरेकाई म्हणजे आपल्या पावट्याच्या शेंगा, आणि पिशवीतून बाहेरसुद्धा न निघालेली चार वांगी. बाई भाताकडे बघून म्हणाल्या, "इष्टु अन्न, सार?" एवढा भात, साहेब? त्या काही रागावल्या नव्हत्या. मला मात्र भर रस्त्यात थोबाडीत बसल्यासारखं झालं.

घरात आम्ही तिघं. मी, शाळेत शिकवणारी माझी बायको आणि शहात्तर वर्षांची माझी आई. मुलगी शिकायला बंगळूरला गेली होती, तरी कुकर चौघांचाच लागत होता. बाजार माझ्याकडे, आणि तो मी निव्वळ डोळ्यांनी करायचो. देवराज मार्केटात शिरलो की हात आवरत नसे. सरगूरकडची ताजी अवरेकाई दिसली की दोन किलो. ती सोलणार कोण, शिजणार कधी, हा विचार घरी आल्यावर.

यातली खरी लाज अशी की बेळगोळच्या रस्त्यावर एका कारखान्यात मी स्टोअर सांभाळतो. रंग, गोंद, रबर, सगळ्यांना मुदत असते. आधी आलेला डबा आधी बाहेर काढायचा, एकही डबा मुदत संपून पडून राहता कामा नये. बावीस वर्षं मी हे चोख केलं आणि माझ्याच घरात अन्न सडत होतं. मी चिडका माणूस आहे. चिडलो की मी नियम करतो.

रविवारी फ्रिज रिकामा करून काय आहे ते लिहिलं. त्यावरून सात दिवसांचा स्वयंपाक ठरवला आणि त्यावरून बाजाराची यादी. यादीत नाही ते घ्यायचं नाही. उरलेल्या प्रत्येक डब्यावर, कधीपर्यंत खायचं त्या तारखेची चिठ्ठी, जुना डबा पुढे, नवा मागे. शुक्रवारी झडती. जे टाकावं लागेल ते स्वयंपाकघरातल्या फळ्यावर लिहायचं, ज्याच्यामुळे टाकलं त्याच्या नावासकट. आई कन्नड शाळेत शिकलेली, तिला मराठी वाचता येत नाही. घरात आम्ही मराठी बोलतो तेवढंच. म्हणून फळा मी मुद्दाम कन्नडमध्ये लिहिला.

"अहो, हे घर आहे, तुमचं स्टोअर नाही," बायको म्हणाली. ती साताऱ्याची, बोलायला सरळ. मग हसली. "असू दे. नव्याचे नऊ दिवस."

पण मी नऊ महिने चालवलं. यादीचं, मापाचं मला अजूनही काही चुकीचं वाटत नाही. चूक फळ्यात होती. सकाळचा भात आई लावायची आणि पन्नास वर्षांच्या सवयीने एक मूठ जास्त टाकायची. न जाणो कुणी आलं तर. पहिल्या शुक्रवारी फळ्यावर आलं: भात, आई. दुसऱ्या शुक्रवारी: भात, सार, आई. तिसऱ्यालाही तीच. माझं नाव एकदा आलं, मुळ्यांपायी, ते मी दुपारपर्यंत पुसून टाकलं. तिचं आठवडाभर राहू दिलं. शेजारच्या बाई साखर मागायला आल्या तेव्हा आई फळ्याला पाठ लावून उभी राहिली, हे मी पाहिलं होतं. मला वाटलं, बरं झालं, आता शिकेल.

शिकली. चौथ्या शुक्रवारी फळा कोरा होता, पाचव्याही. बादलीत सालं, देठं आणि चहाचा चोथा, बस्स. ती हलकी बादली मी एका बोटावर अडकवून गाडीपर्यंत न्यायचो. गल्लीतल्या लोकांच्या बैठकीत मला दहा मिनिटं बोलायला लावलं तेव्हा मी पंचवीस मिनिटं बोललो. आई पहिल्या रांगेत बसली होती. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, तिनेही वाजवल्या.

रात्री ती आमच्याबरोबर पानावर बसायची, पण घासभर ताकभात घेऊन म्हणायची, "साकु रे. पोट भरलंय." साकु म्हणजे पुरे. वय झालं की जेवण कमी होतं, मी म्हटलं. आणि मी काय केलं ते आता लिहितोच. ती रात्रीचं जेवत नाही, मग तिच्या वाटणीचं उरणार, म्हणून मी तांदळाचं माप कमी केलं. तीन वाट्यांच्या दोन केल्या. रोज मोजून खाली आणलेल्या या आकड्याचा मला अभिमान होता. तिच्या बांगड्या कोपरापर्यंत घसरायला लागल्या होत्या. बायको दोनदा म्हणाली, आईंना डॉक्टरांकडे नेऊ या. मी म्हटलं, पुढच्या आठवड्यात.

त्या पुढच्या आठवड्यातच आई न्हाणीघरात पडली. अंगात पाणी राहिलं नव्हतं, डोळे खोल गेले होते. दोन दिवस जुलाब होत होते आणि तिने कुणाला कळू दिलं नव्हतं. दवाखान्यात तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "दोन-तीन दिवसांत काय काय खाल्लं यांनी?"

असा प्रश्न मला विचारावा आणि मला उत्तर येऊ नये, असं व्हायचं नाही. मी फोन काढला, आठवड्याचा तक्ता उघडला आणि वाचायला लागलो. सोमवारी घेवड्याची भाजी, भात, सार. मंगळवारी मेथी, नाचणीच्या उकडीचे मुद्दे. बुधवारी...

"नाही रे," आई पलंगावरून म्हणाली. आवाज इतका बारीक की डॉक्टरीणबाई वाकल्या. "ते तुमचं. मी त्याच्या आधीच्या आठवड्यातलं."

मला कळलंच नाही. मी विचारलं, "म्हणजे?"

"पुढच्या डब्यातलं. चिठ्ठी बघून. तूच सांगितलेलं नव्हे, जुनं आधी?" ती दमली, थांबली. "ताजं तुम्हाला राहतं. सुम्ने टाकायचं कशाला?"

सुम्ने म्हणजे उगीच. आम्ही दोघं कामाला गेलो की दुपारी ती एकटी फ्रिजसमोर बसायची. ज्या डब्याची मुदत त्या दिवशी संपायची, किंवा आदल्या दिवशी संपलेली असायची, तो संपवायची. आंबलेलं सार, तार सुटलेला भात. डबा घासून, चिठ्ठी काढून जागेवर. मग संध्याकाळी भूक कुठली लागणार? मी शिस्तीने कमी केलेला कचरा आईच्या पोटात जात होता. डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि कागदावर काहीतरी लिहिलं. बायको भिंतीकडे तोंड करून रडत होती. मी हातात फोन धरून उभा राहिलो.

आई त्यानंतर सहा दिवस होती. जंतू रक्तात गेले होते, आणि लढायला अंगात काही उरलं नव्हतं. फळा मी पहिल्याच दिवशी घरी जाऊन काढला, दुसरं काही सुचेना. लोक विचारतात तेव्हा मी म्हातारपण सांगतो. ते खोटं आहे.

पाचव्या दिवशी तिला जरा हुशारी वाटली. बायकोने मऊ भात आणि पातळ वरण करून दिलं होतं, गरम, तासाभरापूर्वीचं. मी चमच्याने भरवायला बसलो. दोन घास तिने घेतले, तिसरा कसाबसा गिळला. मग तिने वाटीत बघितलं, अजून किती आहे ते, आणि माझ्या तोंडाकडे बघितलं. ते बघणं मी ओळखतो. कारखान्यात माझ्या हाताखालची माणसं माझ्याकडे तसं बघतात. माझी आई मला भीत होती. कधीपासून, ते मला माहीत नाही.

"नको असेल तर राहू दे, आई," मी म्हटलं.

"टाकशील?"

"टाकीन."

"रागावणार नाहीस?"

"नाही," मी म्हणालो. "अजिबात नाही."

तिचा विश्वास बसला नाही. तिने तोंड उघडलं आणि चौथा घास घेतला.